डावा कोपरा

गवताची पहिली गुंडाळी ट्रकवर चढली तेव्हा स्टेडियमचा म्हातारा माळी मैदानाच्या डाव्या कोपऱ्यात उभा होता. तळहातावरच्या फोडासारखं जपलेलं गवत, आणि यंत्र ते सतरंजीसारखं गुंडाळत चाललं होतं.

महिन्यापूर्वी फुटबॉल स्पर्धेच्या शहरांची यादी लागली. हे शहर तिच्यात नव्हतं. पाहणीला आलेल्या साहेबांनी गवतावरून हात फिरवून वाहवा केली होती, पण हॉटेलं कमी पडली, विमानतळ लहान पडला. गवत पास, शहर नापास! आता निवडलेल्या शहरातल्या नव्याकोऱ्या स्टेडियमचं गवत पिवळं पडलं, म्हणून हे तिकडे निघालं होतं.

स्पर्धेचं माळ्याला सोयरसुतक नव्हतं. त्याला लेक हवी होती. ती देशाच्या संघात खेळायची, राहायची परदेशातल्या क्लबकडे. तीन वर्षांत घरी आली नव्हती. "आपल्या मैदानावर मॅच पडली की येतेच, बाबा," असं म्हणाली होती. तेवढ्या एका वाक्यावर त्याने तीन उन्हाळे पाणी मारलं.

तिचाच फोन आला.

"बाबा, तुम्हीच या ना मॅचला. तिकीट पाठवते."

"कसा येऊ? उद्या इथे नवं बी पडणार. महिनाभर दिवसातून चार वेळा पाणी. दुसऱ्याच्या हाती दिलं तर नुसता चिखल करतील."

"माहितीये. तुमची लाडकी लेक म्हणजे ते गवत. मी आपली नावाला."

माळी हसला. "अगं, तीच निघालीय तुझ्याकडे. डाव्या कोपऱ्याच्या गुंडाळ्यांवर चुन्याची खूण केलीय. तिकडेही डावीकडेच घालतील."

त्या कोपऱ्यात लेक चालायला शिकली होती.

मॅचच्या दिवशी माळी आणि वॉचमन अवजारांच्या खोलीत छोट्या टीव्हीसमोर बसले. बाहेर उघड्या मातीवर पाणी चालू होतं. खेळाडू मैदान बघायला आल्या. सगळ्या मधोमध थांबल्या. एकटी डाव्या कोपऱ्यात गेली, खाली बसली आणि बुटांच्या नाड्या सोडू लागली. बूट निघाले, मोजे निघाले. ती अनवाणी उभी राहिली.

"बूट चावत असतील," वॉचमन म्हणाला.

"नाही हो," माळी म्हणाला. "घरी आलीय ती."