गिलाव्यातलं भांडण

आज भिंतीच्या गिलाव्यातून गाणं नाही, भांडण निघालं. मिरजेतल्या त्या जुन्या सरावखोलीच्या भिंतीत मुरलेले जुने आवाज ऐकवणारं यंत्र बंद करून शलाका उठली, बसली, पुन्हा उठली. 'उलटा पंखा' बँडच्या चाहत्यांना ती दर गुरुवारी असे सापडलेले बँडचे जुने आवाज पाठवायची.

गायक सुहृद अपघातात गेला त्याला बारा वर्षं झाली. त्या रात्री ड्रमर फ्रान्सिसनेच त्याला भांडून सरावखोलीतून हाकललं, असं चाहते मानत. भिंतीतल्या भांडणात मात्र सुहृद प्यायलेला होता आणि त्याने गाडी चालवू नये म्हणून फ्रान्सिस मोटारसायकलची किल्ली मागत विनवण्या करत होता.

तिने फ्रान्सिसला फोन लावला. "दादा, सुटलात तुम्ही! आत्ता टाकते."

"नको गं. सुहृदची आई ऐकते हे सगळं. तो प्यायचा हे तिला ठाऊक नाही."

"आणि लोक तुम्हाला शिव्या घालतात त्याचं काय?"

"सवय झाली," तो म्हणाला.

पाच वाजले, आवाज पाठवायची वेळ झाली. चाहत्यांचे निरोप धडाधड येऊ लागले. शेवटी शलाकाने लिहिलं, "या आठवड्यात काही सापडलं नाही."

सुहृदच्या आईचं उत्तर लगेच आलं, "फ्रान्सिसचा आवाज सापडला तर पाठव, बाळा. माझ्याकडे यायचाच बंद झालाय तो."

शलाकाने त्यांना फ्रान्सिसचा नंबर पाठवून दिला.