टेबलावरची राख

धंतोलीतल्या समुपदेशक मॅडमनी रोशनीचे मार्क पाहिले आणि चष्मा काढून ठेवला. “असे मार्क हजारोंना असतात. परदेशातल्या नामांकित विद्यापीठांना कहाणी लागते. घरी काही दुःख?” “नाही जी मॅडम,” बाबा घाईने म्हणाले, “पोरीले आम्ही काहीच कमी पडू दिलं नाही.” मग मॅडमनी पत्ता विचारला. “कोळशाच्या वीजकेंद्राच्या कॉलनीत? म्हणजे घरात राख येत असेल. अभ्यासाच्या टेबलावरही? मग त्यावरच निबंध लिही, फोटो जोड. चान्स वाढेल.” रोशनीने मान डोलावली. त्या राखेतून सुटण्यासाठीच तर तिला जायचं होतं. घरी येताच बाबांनी सवयीने फडकं उचललं. ती पहिलीत होती तेव्हापासून तिचं टेबल तेच पुसत आले होते. वहीला कधी कण लागू दिला नव्हता. आज टेबलापाशी त्यांचा हात थांबला. “पोरी,” त्यांनी विचारलं, “पुसू, का राहू देऊ?”