डावं दार

राघवेंद्राचा प्रश्न हवेत तसाच राहिला. हिंमतराव खाली मान घालून सुपारी कातरत होते. बैठकीत अडकित्त्याचा तेवढा आवाज. उत्तर न देणे हीही एक सत्ता असते, आणि ती या माणसाने आमदारकीच्या पाच वर्षांत पुरती कमावली आहे, असे राघवेंद्राला वाटले.

सारजाबाईंनी चहाची कपबशी नवऱ्यापुढे सरकवली. हिंमतरावांनी मान वर केली.

"पुन्हा सांगा, मास्तर. आन् तिथं न्हाय, म्होरं या. उजेडात."

ते नेहमी खिडकीकडे पाठ करून बसत. विचारणाऱ्याच्या तोंडावर ऊन आणि त्यांचा स्वतःचा चेहरा सावलीत. निजामाच्या फौजदाराची ही तऱ्हा आपल्या आमदाराने उचलावी, हे राघवेंद्राला दर वेळी खुपे.

तो पुढे सरकला. "नागपूरला तुम्ही डाव्या दारानं का गेलात, दादा?"

तुळजापूरच्या शाळेतला हा मास्तर पाच वर्षे हिंमतरावांच्या प्रत्येक मताचा माग काढीत आला होता. विधानसभेचे छापील वृत्तांत तो मागवून वाची. या हिवाळ्यात तर नागपूरला जाऊन प्रेक्षकांच्या सज्ज्यातच बसला होता. सत्तावन साली अणदूरच्या खंडोबापुढे बेलभंडार उचलून त्याने तलावाखाली जाणाऱ्या गावांना शब्द दिला होता: निजामाच्या तुरुंगात डोके फुटेस्तोवर मार खाऊनही जो फुटला नाही, तो माणूस तुम्हाला विकणार नाही. आता पुन्हा निवडणूक आली होती. उद्या त्याच देवळात ती गावे जमणार होती. भंडारा पुन्हा उचलायचा, की सर्वांदेखत हिंमतरावांना फितूर म्हणायचे, हे आज ठरायचे होते.

"'आधी मोबदला, मग पाणी,' ही दुरुस्ती मताला आली," राघवेंद्र म्हणाला. "बाजूच्यांनी उजव्या दारानं जायचं, विरुद्धच्यांनी डाव्या. मी वरून बघत होतो. घंटा वाजत राहिली, सगळे उठले, आणि तुम्ही बसून. अगदी निवांत. बाकं रिकामी झाली तेव्हा उठलात आणि पुढच्या माणसामागं डावीकडं चालते झालात. दुरुस्ती पडली."

"बगितलं व्हय तुमी?" हिंमतरावांचा आवाज सभेतला होता, तिघांच्या बैठकीत तो भिंतींना आदळला.

"सभागृहात तुमच्या शेजारी बसणारे शांतलिंगअप्पा त्या दिवशी आजारी होते. ते नव्हते म्हणून धीर झाला का?"

हिंमतराव त्याच्या तोंडाकडे टक लावून पाहत राहिले. त्या नजरेत राग नव्हता. दूरच्या पाटीवरचे अक्षर लावावे, तशी ती नजर होती.

"लई बारीक ध्यान हाय तुमचं."

"पाच वर्षं तेच केलंय. भाषणं पुष्कळ, सगळी लिहून नेलेली. उपप्रश्न मात्र एकही नाही. मंत्री काय वाटेल ते उत्तर देतो, तुम्ही मान हलवून खाली बसता. इथं लोक दारात आले, की अर्ज लिहून आणा. धुरपदाबाई पदरात तोंड घालून रडत होती, तिलाही अर्ज! तिला अंगठ्याशिवाय काही येत नाही, दादा."

"कागूद ऱ्हातो, मास्तर. बोलणं वाऱ्यावर जातंय."

"आमचा खंडोबासुद्धा दरवर्षी अणदूरहून नळदुर्गाला जाताना परत यायचा लेखी करार करून जातो. तुम्ही गेलात ते गेलातच."

हिंमतराव हसले. सारजाबाई हसल्या नाहीत. त्या उठून नवऱ्याच्या अगदी समोर येऊन बसल्या.

"सांगा की वो त्यांना. घरचंच माणूस हाय."

"तू गप."

"उद्या गाव थुकंल तुमच्यावर."

"थुकू दे." अडकित्ता खाली पडला, हिंमतरावांनी तो उचलला नाही. "आमदारानं चुकून हिकडचं दार तिकडं केलं, आसं सांगू? त्यापरीस इकला म्हणा. इकायला निदान अक्कल लागती."

"म्हणजे विकलात."

"मत माजं हुतं. म्या दिलं."

त्यांनी खुंटीवरचा पटका डोक्याला गुंडाळला आणि ते बाहेर पडले. सारजाबाई पदराचे टोक पिळत तिथेच बसून राहिल्या.

बाहेर शाळूच्या शेतांवर पिकलेले ऊन पसरले होते. त्या पिवळ्या शांततेतून हैदराबादचा डांबरी रस्ता काळ्या जखमेसारखा गेला होता. राघवेंद्र उंबऱ्यापर्यंत आला, आणि इतक्या दिवसांचा सांभाळलेला राग त्याच्या हातून अचानक निसटला. समोर चालला होता तो वाकलेल्या खांद्यांचा एक थकलेला माणूस. त्याच्यासाठी आपण एकदा देवाच्या भंडाऱ्याने हात पिवळे केले होते.

"दादा!" तो मागून ओरडला. "पैसे घेतले नाहीत, एवढंच सांगा. उद्या भंडारा उचलतो मी. एक शब्द द्या फक्त!"

हिंमतराव रस्त्याला लागले.

"दादा, निदान नाही तरी म्हणा!"

चाल मंदावली नाही. इतका तिरस्कार! राघवेंद्राच्या ओठांवर उद्याचा शब्द आला: फितूर.

तेवढ्यात वळणावरून उमरग्याची बस आली. ड्रायव्हरने हॉर्न दाबला, मग दाबूनच धरला. हॉटेलपुढची माणसे उठून उभी राहिली, गाडीचे बैल बुजले. सारजाबाई राघवेंद्राला ओलांडून अनवाणी धावत सुटल्या. हाक त्यांनी एकदाही मारली नाही. बसचा वेग माणसाच्या पावलांवर आला, हॉर्न वाजत राहिला, आणि बसच्या अगदी पुढ्यात, भर रस्त्याच्या मधून, हिंमतराव निवांत चालत राहिले.