दाढेचं प्रकरण

"हे सगळं खरं आहे की मनाचं?" भाऊजींनी विचारलं, आणि धाकटी सवयीनं गप्प बसली.

विद्यापीठात लेखन शिकायला गेल्यापासून ही सवय तिच्या अंगात मुरली होती. तिथला नियमच तसा. वर्गात आपल्या गोष्टीची चिरफाड चालू असेल तेव्हा लिहिणाऱ्यानं तोंड उघडायचं नाही, खुलासे करायचे नाहीत. मुकाट्यानं ऐकायचं आणि टिपून घ्यायचं. धाकटीनं तर पर्समधून पेनही काढलं.

पहिली कादंबरी छापून आली म्हणून ती मिरवत बहिणीकडे आली होती. ताईसाठी पाठवलेली प्रत ताईनं अजून उघडली नव्हती. भाऊजींनी मात्र ती दोनदा वाचली होती. जन्मात गाडीच्या माहितीपुस्तकापलीकडे काही न वाचलेला माणूस! तेव्हाच तिला शंका यायला हवी होती, पण नव्या लेखिकेला वाचकाचं नुसतं कौतुक वाटतं.

"त्या थोरल्या बहिणीची दाढ," भाऊजी म्हणाले. "दाढ दुखते म्हणून डॉक्टरकडे जाते. आणि जाऊन बसते कुणाच्या तरी गाडीत. नवऱ्याला पत्ताच नाही. बरोबर ना?"

धाकटीनं मान डोलावली. कथानक त्यांना नीट कळलं होतं.

"गेल्या वर्षी हिची दाढ किती दिवस चालली होती, आठवतंय?"

ताई टॉवेलच्या घड्या घालत होती. तिचा हात थांबला.

दाढ ताईचीच होती. सुजलेला गाल, निघताना आरशासमोर केस सारखे करणं, सगळं ताईचं. बारकावे घरातून उचला आणि गोष्ट मनानं रचा, असं सर सांगायचे. या जागी तर त्यांनी समासात शाबासकी दिली होती. गाडी आणि गाडीतला माणूस तिनं वसतिगृहाच्या खोलीत बसून रचला होता. एवढंच सांगायचं होतं. तरी ती भाऊजींचं बोलून व्हायची वाट बघत राहिली.

"आता गप्प का? बहिणीला सांभाळून घेतेस?"

"अहो भाऊजी, शपथ! गाडी नव्हती, माणूस नव्हता. दाढ तेवढी खरी."

"इतका वेळ लागला हे सुचायला?" भाऊजी हसले, पण ते हसू काही बरं नव्हतं. "आणि तुझी शपथ घेऊन मी काय करू? खोटं खऱ्यासारखं कसं सांगायचं तेच तर शिकून आलीस. वर पहिली आलीस."

ताईनं ओरडावं, रडावं, निदान हसण्यावारी न्यावं, असं धाकटीला फार वाटलं.

"ताई, तू तरी सांग ना गं."

"मी काय सांगू? तुझी कादंबरी, तुझा वाचक."

ताईनं हातातला टॉवेल बाजूला ठेवला. आपला फोन उघडला आणि टेबलावरून भाऊजींच्या पुढे सरकवला.

"घ्या. गेल्या वर्षीचं सगळं आहे त्यात. कुणाला फोन केले, काय लिहिलं, सगळं. बघा."

धाकटीला हायसं वाटलं. इतक्या वर्षांचा संसार. आता भाऊजी ओशाळतील, काहीतरी पुटपुटतील आणि फोन परत सारतील. तिनं लिहिलं असतं तर असंच लिहिलं असतं.

भाऊजींनी शर्टाच्या खिशातून चष्मा काढला, काचा पुसल्या आणि डोळ्यांवर चढवला.