दोनशे बारा नंबरचा बिल्ला

बंद पडलेल्या साबणाच्या कारखान्याचं आता संस्कृती आणि पर्यावरण केंद्र झालंय. जिथे बॉयलर फुटला होता, तिथे रोपवाटिका आहे. तिथल्या रोपांना मी पाणी घालते.

दाराशी कामगारांच्या बिल्ल्यांचा फळा तेवढा जपलाय. डावीकडे 'आत', उजवीकडे 'बाहेर'. केंद्राचे रखवालदार सुतारदादा रोज संध्याकाळी सगळे बिल्ले 'बाहेर' लावून जातात. सकाळी एक मात्र 'आत' सापडतो. दोनशे बारा, माझ्या नवऱ्याचा. बॉयलर फुटला त्या दिवशीही तो 'आत'च राहिला होता.

"वहिनी, तुम्हीच टांगता ना? खरं सांगा."

"मला काय हौस आलीय, दादा?"

काल मात्र निघताना मीच तो 'बाहेर' लावला. म्हटलं, "पुरे झालं हो. चला आता घरी."

आज सकाळी तो 'बाहेर'च होता. दादा हसले, मला रडू आवरेना.

कामावरून आले की आतून कडी लावून थेट आंघोळीला जायची ह्यांची खोड. मी पिशव्या घेऊन बाहेर ताटकळायची. त्यावरून किती भांडले असेन!

दुपारी घरी आले. एकटीच राहते मी. कुलूप काढलं आणि दार ढकललं.

आतून कडी होती.