काकांचा आकडा

कम्प्युटरमधल्या कॅल्क्युलेटरच्या वरच्या कोपऱ्यात तीन आडव्या रेषा होत्या. लक्ष्मीकांत त्या रोज बघायचे, पण कधी हात लावला नव्हता. आज निकालाची टक्केवारी काढताना माउस चुकून तिथे गेला आणि भलीमोठी यादी उघडली. लांबी, वजन, तापमान. आणि तारखा. दोन तारखा घाला, मधले दिवस मोजून मिळतील.

ते बघतच राहिले. तुकोगंजातल्या या शिक्षण संस्थेच्या ऑफिसात एवढं एकच काम फक्त त्यांचं होतं. कुणी शिक्षक रिटायर होणार असला की त्याच्या नोकरीचे दिवस लक्ष्मीकांत मोजायचे. बोटांच्या पेरांवर महिने, कागदावर लीप वर्षं, मग घरी बायकोकडून एकदा तपासणी. निरोपाला द्यायच्या फ्रेममधल्या सर्टिफिकेटसाठी चिठ्ठी नीरजाकडे टायपिंगला द्यायची आणि निरोपाच्या दिवशी तो आकडा माइकवर स्वतः वाचायचा. कचोरी खाणारे लोकसुद्धा गप्प व्हायचे. भलेभले रडले होते, खोटं नाही.

येत्या गुरुवारी त्यांचा स्वतःचा निरोप होता. कालच मोजून झालं होतं: दहा हजार सहाशे तेवीस दिवस.

“नीरजा, ऐक ना. हा कॅल्क्युलेटर तारखासुद्धा मोजतो.”

“हो ना काका,” समोरच्या टेबलावरून ती म्हणाली. मान वर न करता.

“तुला माहीत होतं?”

“सगळ्यांनाच माहीत आहे. वो क्या है ना काका, तुम्हाला मोजायला आवडतं. म्हणून कुणी बोललं नाही.”

लक्ष्मीकांतना आधी हसूच आलं. मग एक विचार डोक्यात आला आणि हसू गेलं.

“मग माझ्या चिठ्ठ्या?”

“ठेवल्यात ना सगळ्या. एकही फेकली नाही.” नीरजाने आता खुर्ची वळवली. “पण सर्टिफिकेटवर कम्प्युटरचा आकडा टाकते. लेटरहेडवर चूक जायला नको ना. तुमचा नेहमी एक दिवस जास्त यायचा.”

ती अगदी प्रेमाने बोलत होती, तेच त्यांना जास्त लागलं. आठ वर्षांपूर्वी ती आली तेव्हा फाइल बांधायलासुद्धा त्यांनीच शिकवलं होतं. आणि या आठ वर्षांत ते माइकवर एक आकडा वाचत होते, फ्रेममध्ये दुसराच जात होता आणि मागे बसलेलं सगळं ऑफिस ते जाणून टाळ्या वाजवत होतं. आपल्याला लहान मुलासारखं खेळवलं, असं त्यांना वाटलं. खेळवणारी माणसं चांगली होती, म्हणून भांडताही येईना.

“माझंही छापून झालं असेल.”

नीरजाने कपाटातून फ्रेम काढून दिली. दहा हजार सहाशे बावीस.

लक्ष्मीकांतनी फ्रेम उलटी ठेवली आणि स्वतःच्या दोन तारखा कॅल्क्युलेटरमध्ये घातल्या. बावीसच आले. खालची तारीख बदलून एक-एक वर्ष, मग एक-एक दिवस मागे येत त्यांनी ती वरच्या तारखेवरच आणून ठेवली. आणि मॉनिटर तिच्याकडे फिरवला.

“एक जुलै ते एक जुलै. दहाला आलो, पाचला गेलो. माझी नोकरी किती दिवस झाली?”

“एक दिवस.”

“तो काय म्हणतो?”

नीरजाने वाचलं. दोन्ही तारखा सारख्या, एवढंच तिथे लिहिलेलं होतं. दिवस एकही नव्हता. ती पुन्हा वाचायला लागली आणि मग तिचा चेहरा उतरला.

“म्हणजे तो पहिला दिवस धरतच नाही,” ती म्हणाली. “काका, मी सगळ्यांची परत काढून देते. माझी शपथ, मला वाटलं तुम्हीच चुकताय. दर वेळी तोच एक दिवस जास्त यायचा.”

“दर वेळी तोच,” लक्ष्मीकांत म्हणाले. “मग एकदा तरी विचारायचंस, नीरजा. समोरच तर बसतेस.”