ओफ्रेंदावरची नेलिदा

अम्पारोने पाहिलं तेव्हा उशीर झाला होता. चर्चला जायचा निळा झगा घालून लारेदोहून बसने आलेली तिची थोरली बहीण नेलिदा थेट मोठ्या ओफ्रेंदापुढे उभी होती.

सॅन अँटोनियोच्या त्या संग्रहालयात आज अम्पारोचं जन्मभराचं काम मांडलं होतं. चिकाना, म्हणजे मेक्सिकन वंशाच्या अमेरिकन, बायकांत मांडणशिल्पं करणारी ही पहिली, असं जो तो माईकवर सांगत होता. मृतांसाठी मांडलेल्या या वेदीवर, ओफ्रेंदावर, झेंडूच्या राशी होत्या, मेणबत्त्या होत्या आणि मधोमध कापसाच्या शेतातल्या एका पोरीचा फोटो. खांद्यावर गोणी, डोळे उन्हाने बारीक झालेले. खाली नाव होतं, ‘शेतांनी खाल्लेल्या बायका’. या फोटोपुढे लोक हमखास रडत.

शेजारच्या म्हातारीने छातीवर क्रूसाची खूण केली. “किती कोवळी पोर! कशाने गेली हो?”

“अजून जायचीय,” नेलिदा म्हणाली.

म्हातारीने एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा नेलिदाकडे, आणि ती घाईने बाजूला झाली. ओफ्रेंदावर जिवंत माणसाचा फोटो ठेवत नाहीत, हे तिथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. अम्पारोला काय ठाऊक नव्हतं? पण तो चेहरा तिला हवा होता, आणि नेलिदा कधी संग्रहालयाची पायरी चढेल असं तिला वाटलंच नव्हतं. आता धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं.

“ताई, मी तुला सांगणारच होते...”

“कधी? मला पुरल्यावर?”



नेलिदाने फोटोपुढचा ग्लास पाहिला. लांबून येणाऱ्या आत्म्यांना तहान लागते, म्हणून ठेवतात तसा, काठोकाठ भरलेला. “बसमध्ये घसा सुकला बाई. हे माझ्यासाठीच ना?”

पहारेकरी धावला.

नेलिदाने ग्लास ओठाला लावून तिरपा केला. पाणी हललं नाही. दालनात खरं पाणी चालत नाही, म्हणून अम्पारोनेच ग्लासात पारदर्शक राळ ओतून ती घट्ट केली होती.

नेलिदाने ग्लास हळूच स्वतःच्या फोटोपुढे परत ठेवला.

“मेल्यावरही मला तहानलेलीच ठेवणार होतीस होय गं?”